उजवं कोपर

माझा उजवा हात तेहतीस वर्षं कोयत्यासारखा वाकडा होता, आणि त्या वाकड्या हाताला गावात जेवढा मान होता तेवढा सरपंचाच्या सरळ हातालाही नव्हता.

कोपर काटकोनात आखडलेलं. हात खाली जात नव्हता आणि वर तोंडापर्यंतही येत नव्हता. म्हणून मी डाव्या हातानं जेवायची. पंगतीत नव्या सुना ते बघून पदराआड हसायच्या. मग एखादी म्हातारी त्यांच्या कानाला लागली की हसू गपकन बंद. "अगं, धाकट्या जावेला विहिरीतून ओढताना हात मोडून घेतलाय सरजाबाईनं." जेवणं झाली की त्याच सुना माझ्या पाया पडायला यायच्या. मी पडू द्यायची.

ती धाकटी जाऊ म्हणजे पारू. लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती आमच्या गावच्या विहिरीत गेली. गाव जळकोटच्या अलीकडं. तिची लेक सिंधु तेव्हा तीन वर्षांची. माझा दीर भुजंग, त्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि धर्माबादला गिरणीत कामाला निघून गेला, पोरगी माझ्या पदरात टाकून. मला पोटचं काही नाही. मी एका चांगल्या आणि एका वाकड्या हातानं तिच्या वेण्या घातल्या, बारावी करवली, नर्सिंगला घातलं. आज ती लातूरच्या एका हाडांच्या दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. तिच्या हाताखाली सहा पोरी आहेत आणि सहाही तिला टरकून असतात. ते वळण माझं.

गावाला ठाऊक असलेल्या गोष्टीत एक गोष्ट खोटी होती. ती कुठली, ते मला माहीत होतं आणि पारूला. सिंधुला ती कळली तर माझ्यापाशी काय उरलं असतं? एक कोरडं वावर आणि वाकडा हात. म्हणून मी गप्प होते.

पारू मात्र गप्प नव्हती. दर उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी, बाराच्या सुमाराला, माझ्या उजव्या मनगटाभोवती पाच बोटं आवळायची. गार, ओली बोटं. आधी अंगठा, मग एकेक. मी ओसरीवर ज्वारी निवडत बसले असले तर सुपातले दाणे थरथरायचे. शेजारणीला वाटायचं, हात दुखतोय.

दुखत होताच. गेल्या दोन-तीन वर्षांत तर हाडावर हाड घासल्याचा आवाज यायला लागला, जात्यात खडा गेल्यासारखा. सिंधु सुट्टीला आली आणि तिनं तो आवाज ऐकला.

"मोठीआई, कोपर बदलता येतं."

"चपलेचा अंगठा हाय का बदलायला?"

"गुडघे बदलतेत तसंच. आमच्या डॉक्टरांनी तुझा फोटो बघितलाय."

"मला न विचारता माझ्या हाडाचा फोटो दाखवून राहिलीस? राहू दे मोडकं. नाव हाय त्याला."

"नाव काय चुलीत घालायचंय? उजव्या हातानं घास खाशील. तेहतीस वर्षं तू माझ्या आईपायी डाव्या हातानं खाल्लंस, आता बास." एवढं बोलताना तिचे डोळे भरले.

त्या डोळ्यांपायी पिशवी भरली आणि गेले.

लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं. नळाला महिना-महिना पाणी नाही. दवाखान्याच्या दारात दिवसाआड टँकर यायचा, हॉर्न वाजवायचा, की पेशंटांची माणसं प्लास्टिकच्या कॅन घेऊन जिन्यावरून धडाधडा पळत सुटायची. पहिल्या दिवशी तो हॉर्न ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. सिंधुला म्हटलं, पंख्याचं वारं लागतंय.

शेजारच्या खाटेवर देवणीची साखराबाई होती, खुबा मोडलेली. तिची सून शिवकन्या सोबतीला. साखराबाईचा खुबा मोडला होता, जीभ शाबूत होती.

"उदगीर जिल्हा होणार म्हणतेत बघ. देवणी उदगिरातच जाईल."

"जाऊ दे की. तुझा खुबा बसल का त्यानं?"

"तसं न्हाई, पण जिल्हा जवळ आला म्हणजे पाणी..."

"आमचा बी झाला होता जिल्हा. टँकरवर लातूरचं नाव रंगवलं होतं आणि खालून उस्मानाबाद दिसून राहिलं होतं. पाणी अकरा दिवसांनी आलं."

मग तिनं हाताचं विचारलं आणि मी सवयीनं सांगितलं. विहीर आटलेली. टँकर विहिरीत पाणी ओतायचा आणि चाळीस बायका एकदम घागरी सोडायच्या. पारूचा पाय निसटला, मी मनगट धरलं. ओढून ओढून कोपर निखळलं, हाडाचा चुरा झाला, तेव्हा कुठं हात सुटला. सिंधु औषधांचा ट्रे घेऊन उभी होती. शंभरदा ऐकलेली गोष्ट, तरी पुन्हा ऐकत होती. साखराबाईनं तिला जवळ बोलावून म्हटलं, "पोरी, असली चुलती नशिबानं मिळती."

"चुलती न्हाई ती, आई हाय," सिंधु म्हणाली.

केस पेपर लिहायला एक शिकाऊ डॉक्टर आला. मार कसा लागला, असं त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सिंधुनंच सांगितलं, "माझ्या आईला विहिरीतून वर ओढताना. हात खेचला जाऊन." त्यानं तसं लिहून घेतलं. सरकारी कागद असो की दवाखान्याचा, एकदा लिहिलं की खरं झालं, असं मला वाटलं.

मोठे डॉक्टर विरूपाक्ष. वयानं सिंधुएवढे, पण बोलणं सावकाश. त्यांनी टेबलावर बिजागरीसारखं एक चकचकीत यंत्र ठेवलं, दोन्ही बाजूंना लांब दांड्या.

"आजी, कोपराच्या मागून चीर द्यायची. करंगळीकडं जाणारी एक शीर असते, कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती. तिला आधी शोधून बाजूला धरून ठेवायचं. मग दोन्ही हाडांची खराब टोकं कापायची. ही दांडी दंडाच्या हाडाच्या पोकळीत, ही हाताच्या. सिमेंटनं पक्की करायची. मधे बिजागरी. दार उघडतं-मिटतं तसा हात उघडेल, मिटेल."

"सिमेंट?"

"हाडांचं वेगळं असतं."

"घरकुलाला मागितलं तर मिळालं न्हाई. आता हाडात भरून राहिले."

ते हसले. मग म्हणाले, "एक अट आहे. या हातानं पुन्हा जड उचलायचं नाही. रोजच्याला किलोभर. क्वचित कधी पाच किलो, त्याच्यावर नाही. जोर बसला तर आतली दांडी सैल होते."

"म्हणजे घागर?"

"घागर कधीच नाही."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला वाईट वाटलं.

चुलीच्या धुरानं माझी छाती गेलेली, म्हणून सगळी भूल द्यायची नाही असं ठरलं. भूल देणाऱ्या बाईनं गळ्याखालच्या हाडाच्या मागं सुई दिली. हात हळूहळू जड झाला, मग परका झाला. तोंडापुढं हिरवा कपडा ताणला. सिंधु माझ्या डोक्याशी बसली, ओल्या फडक्यानं कपाळ पुसत.

थोड्या वेळानं मला कळलं की माझा हात टेबलावरून खाली लोंबतोय.

"सिंधे, हात लोंबून राहिला. वर घे की गं."

"न्हाई, मोठीआई. छातीवरून घेऊन उशीवर टेकवलाय. बधिर केल्यावर असं वाटतं, समद्यांनाच वाटतं."

"सरळ लोंबतोय."

"बरं, लोंबू दे," ती लहान पोराशी बोलावं तसं बोलली.

मी कसं सांगू तिला? जो हात तेहतीस वर्षांत सरळ झाला नव्हता तो मला सरळ वाटत होता, खांद्यापासून बोटांपर्यंत, दोरीसारखा ताणलेला. आणि त्याच्या टोकाला वजन होतं. बांगड्या होत्या. काचेच्या बांगड्या दगडावर घासल्याचा आवाज मी त्या थंड खोलीत ऐकला. ओल्या सुंभाचा वास आला. कपड्यापलीकडं डॉक्टर कापत होते ते मला कळत नव्हतं. खाली कोण लोंबतंय तेवढं कळत होतं.

मग डॉक्टर विरूपाक्ष त्या शिकाऊ पोराला म्हणाले, "हे बघ. केस पेपरवर काय लिहिलंय? खेचला जाऊन. चूक आहे ते."

कपाळावरचं फडकं थांबलं.

"हात ओढून निखळला असता तर हाडं बांधून ठेवणाऱ्या या दोन्ही कडेच्या पट्ट्या फाटल्या असत्या. त्या शाबूत आहेत. चुरा कुठं आहे? मागं. हा मार मागून बसलाय. कोपर दुमडलेलं होतं आणि बाई मागं पडल्या. दगडावर."

"म्हणजे ओढत असताना नाही?"

"ओढताना हात सरळ असतो. हा वाकलेला होता. हातात तेव्हा काही नव्हतं." एवढं ते अगदी सहज बोलले, वर्गात बोलतात तसं. "करवत."

करवतीचा आवाज सुरू झाला. मग हातोडी. मग सिमेंटचा उग्र वास, नाकात झोंबणारा. मी वर बघितलं. सिंधुचं तोंड मास्कमध्ये होतं, नुसते डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडं नव्हते. ती त्या हिरव्या कपड्याकडं बघत होती. दहा वर्षं हाडांच्या दवाखान्यात काढलेली पोरगी. तिला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. तिनं माझ्या कपाळावरचा हात उचलला नाही. पण तो हात नुसता ठेवलेला राहिला, उतरंडीच्या झाकणावर ठेवावा तसा.

मला वाटलं होतं, हाड कापलं की पारूची पकडही सुटेल. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता गार बोटं आली. आधी अंगठा, मग एकेक. कोपर लोखंडाचं झालं होतं, मनगट तेच होतं.

सिंधु कामाला चुकली नाही. पट्टी बघायची, औषध द्यायची, सकाळ-दुपार बोटांचा व्यायाम घ्यायची. माझ्या हातात कापडाचा बोळा द्यायची आणि म्हणायची, "धरा." मी धरायची. "सोडा." मी सोडायची. धरा, सोडा. दहा वेळा. बाकीच्या पेशंटांना ती आपलं बोट धरायला द्यायची. मला बोळा.

साखराबाईच्या कानाला काही चुकत नव्हतं. "का गं सरजा, पोरगी तुला अहो-जाहो कधीपासून करून राहिली?"

"दवाखान्यात तसंच बोलतेत."

"मला तर 'ए आजी' म्हणती."

मी भिंतीकडं तोंड केलं. जावेची गोष्ट गावाला सांगून सांगून मी तिला हाडासारखी घट्ट केली होती. आता सिंधु एक शब्द विचारत नव्हती. विचारलं असतं तर मी भांडले असते. डॉक्टरला काय कळतंय म्हणून ओरडले असते. जन्मभर तोंडाच्या जोरावर जगले मी. पण ती विचारत नव्हती आणि सकाळी यायची, बोळा द्यायची, जायची. उद्या मला सुट्टी होणार होती. मी गावाला गेले असते आणि ती दर महिन्याला औषधं पाठवत राहिली असती, अहो-जाहो लिहून. मला ते दिसत होतं.

शेवटच्या दुपारी शिवकन्येची बहीण भेटायला आली. साखराबाईला उत्साह आला.

"सरजा, हिला सांग गं तुझी ती विहिरीची गोष्ट. ऐक गं पोरी, असलं ऐकलं नसशील."

सिंधु माझ्या खाटेशी खाली बघून बोळा गुंडाळत होती. साडेअकरा होऊन गेले होते. मी म्हटलं, "सांगते. पण आज मधे बोलू नका कुणी."

"टँकर अकरा दिवसांनी आला होता. घरात पोरगी तहानलेली, तीन वर्षांची. ओठांना चिरा पडल्या होत्या. पारू अंगानं बारीक, म्हणून ती विहिरीच्या आतल्या दगडावर उतरून उभी राहिली, घागर भिंतीवर आदळू नये म्हणून. हसत उतरली. म्हणली, बाई, तुमच्यानं उतरवणार न्हाई, अडकून बसाल. मी वरून ओढत होते. घागर अर्ध्यावर आली आणि तिचा पाय निसटला. मी उजव्या हातानं तिचं मनगट धरलं."

"हाव, मग ओढून ओढून..." साखराबाई म्हणाली.

"मधे बोलू नको म्हटलं ना! डाव्या हातात दोर होता. घागरीचा. काठाच्या दगडावर दोर आवळून धरला होता मी. दोन्हीकडून ओढ. एक सोडल्याबिगर दुसरं वर येणार नव्हतं. मी ओरडले, पण समद्या बायका आपापल्या दोराकडं बघत होत्या. पारूनं माझ्याकडं बघितलं. मग दोराकडं बघितलं. तिला कळलं, मी काय करणार ते. माझ्या आधी कळलं तिला."

मी डाव्या हाताचं मनगट पुढं केलं.

"दोर मनगटाला गुंडाळलेला नव्हता. असता तर बरं झालं असतं, सांगायला काहीतरी राहिलं असतं. मी उजवा हात उघडला. उघडला म्हणते, सुटला न्हाई. ओढ एकदम गेली तशी मी मागं पडले, गुरांच्या डोणीच्या दगडावर, कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी डाव्या हातातला दोर सुटला न्हाई. पडल्या पडल्या मी घागर वर घेतली."

शिवकन्येनं तोंडाला पदर लावला. मी सिंधुकडं बघायचं ठरवलं आणि बघितलं.

ती म्हणाली, "घागर भरलेली होती?"

"काठोकाठ."

"ते पाणी कुणी प्यालं?"

"तू. त्या विहिरीचं नंतर महिनाभर कुणी प्यालं न्हाई. तेवढी एकच घागर होती, आधीची. मी एका हातानं तुला पाजलं. तू दोन फुलपात्रं प्यालीस आणि आई कुठं हाय, म्हणून विचारलंस."

"तू काय सांगितलंस?"

"पाणी आणायला गेली."

तिनं 'तू' म्हटलं ते माझ्या नंतर लक्षात आलं, तिच्याही आलं असावं. मला वाटलं, आता ही निघून जाईल. गेली असती तर मी हाक मारली नसती. तेवढा अधिकार मी ठेवला नव्हता.

ती गेली नाही. खाटेच्या कडेला बसली आणि बोळा बाजूला ठेवला. मग आपला हात माझ्या उजव्या हातात दिला. बोट नाही, आख्खा हात.

"धरा," ती म्हणाली. आवाज सिस्टरचा होता.

मी धरला. बारा वाजायला आले होते. मनगटावर गार बोटं आली, नेहमीसारखी, आधी अंगठा. पण माझ्या तळव्यात सिंधुचा हात गरम होता. दोघी मायलेकी एकाच हाताला धरून होत्या, एक बाहेरून, एक आतून. मी कुणाला सांगणार हे?

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. लांब, तीनदा.

"टँकर!" शिवकन्या उठली. जिन्यावर पावलं धडधडायला लागली, कॅन एकमेकींवर आपटायला लागल्या. "सिंधुताई, चला की! परवा अर्ध्या लोकांना मिळालं न्हाई. वॉर्डातलं पिंप कोरडं हाय."

सिंधुची कॅन खाटेखाली होती. तिनं पायानं ती पुढं ओढली आणि उठायला वाकली.

"सोडा," ती म्हणाली.

मी बोटांना सांगितलं. बोटं उघडली नाहीत.

"सोडा. पाणी संपेल."

"जाऊ दे ते पाणी," मी म्हटलं.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तेहतीस वर्षांपूर्वी त्या काठावर एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. तेव्हा जीभ उचलली नव्हती.

सिंधु उठली नाही आणि नीट बसलीही नाही. अर्धी वाकलेली तशीच राहिली, तिचा हात माझ्या हातात. खाली बायका टँकरच्या नळीवरून भांडत होत्या. साखराबाईनं तोंड दुसरीकडं वळवलं. रिकामी कॅन खाटेच्या पायाशी आडवी पडली होती आणि मी हात धरून होते. मनगटावरची बोटं अजून तिथंच होती. तीही ओढत नव्हती.